काचपेटीतील मासा आला कोठून?

कांदिवलीत महावीरनगर असो वा चारकोप, सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी, दवाखान्याच्या बाकांसमोर, क्वचित पेढीवर गल्ल्याशेजारीही माशांची काचपेटी दिसते. कुठे ती शोभेसाठी असते, कुठे वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून. ज्या घरांत पाणी गाळून वापरतात आणि चातुर्मासात पालेभाजी चुलीवर चढत नाही, त्या घरांतही पेटीतला जीव कोठून आणि कसा आला, याची विचारपूस सहसा होत नाही.

गोल्डफिशसारखे गोड्या पाण्यातील मासे बहुधा तळ्यांत वा टाक्यांत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातील रंगीत माशांची गोष्ट निराळी. त्यांच्या बहुतेक जाती आजही प्रवाळखडकांतून पकडूनच बाजारात येतात. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून अनेक मासेमार प्रवाळाच्या कपारींत पिचकारीने सोडियम सायनाइडचे द्रावण सोडत आले. मासा गुंगतो व अलगद हाती लागतो. भोवतीचे प्रवाळ मात्र मरते. असा मासा पुढे घरी येऊन दगावला, तर गिऱ्हाईक समजते की आपल्यालाच पाणी राखता आले नाही.

श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते. येथे दुकानदार विष विकत नाही, विषाने मिळवलेला माल विकतो. हा भेद किती मोठा मानायचा, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. अचौर्यव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेण्याला ‘तदाहृतादान’ म्हटले आहे, आणि ते तर थेट लागू पडते. 2001 पासून भारतात सर्व समुद्रघोडे, खडक रचणारी प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या व्यापाराला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. वास्तुदोष घालवण्यासाठी चौकटीत बसवून विकले जाणारे ‘इंद्रजाल’ म्हणजे अशाच काळ्या प्रवाळाची वा समुद्रपंख्याची वाळलेली फांदी. ते भिंतीवर टांगणाऱ्याला बहुधा याची कल्पनाही नसते.

प्रमाणपत्राचा प्रयोग जगात होऊन गेला आहे. 1998 मध्ये ‘मरीन ॲक्वेरियम कौन्सिल’ स्थापन झाली आणि 2001 मध्ये तिचे निकष आले. पकडण्याचे क्षेत्र, मासेमार, निर्यातदार, आयातदार, दुकानदार अशी प्रत्येक कडी तपासायची; प्रत्येक कडीवर पोहोचताना एक टक्का आणि पोहोचल्यानंतर एक टक्का, याहून अधिक मासे मरता कामा नयेत. निकष चोख होते. पण एक कडी सुटली की मासा पुन्हा बिनशिक्क्याचा, आणि शिक्क्यासाठी अधिक दाम मोजणारे गिऱ्हाईक पुरेसे मिळाले नाही. काही वर्षांतच संस्थेचे काम थंडावले. हिरेबाजारातील वाचकांना ही अडचण समजावून सांगायला नको. 2003 पासून कच्च्या हिऱ्यांसोबत किंबर्ली प्रमाणपत्र येते. पैलू पाडल्यानंतर मात्र बिलावर विक्रेत्याने लिहून दिलेली हमीच पुढे चालते. माशाच्या बिलावर तेवढेही नसते.

तेव्हा दुकानदारालाच विचारावे: मासा पैदास केलेला की समुद्रातून पकडलेला, आणि तसे बिलावर लिहून द्याल का? पैदाशीचा मार्ग फार दूर नाही. ठाण्याच्या खाडीपलीकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने क्लाउनफिशची पैदास केली. मादी दगडावर अंडी घालते, नर ती राखतो, आठवडाभरात पिल्ले बाहेर येतात. असा मासा प्रवाळ न मोडता मिळतो. तरीही पिल्लांना जिवंत सूक्ष्म जीवच खाऊ घालावे लागतात, आणि ‘बंध’ हा अहिंसाव्रताचा पहिलाच अतिचार कोणत्याही प्रमाणपत्राने पुसला जात नाही. नवी पेटी न आणणे हाच उत्तम मार्ग, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

जीवदयेच्या भावनेने दुकानातले मासे विकत घेऊन तलावात सोडणाऱ्यांचाही येथे विचार करावा लागतो. भावना शुद्ध आहे. पण दुकानदार पुढच्या खेपेला तेवढेच मासे पुन्हा मागवतो, खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यात तग धरत नाही, आणि परदेशी जात तगलीच तर ती तेथल्या माशांच्या मुळावर उठते. ज्यांच्याकडे पेटी आधीच आहे, त्यांनी तिच्यातले मासे शेवटपर्यंत सांभाळावेत आणि रिकाम्या जागी नवे आणू नयेत. निगा नीट राखली तर क्लाउनफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. घेणाऱ्याने तेवढ्या वर्षांचा विचार आधीच केलेला बरा.