शिकागोची नववी

1987 साली अमेरिकेचे तत्कालीन शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी शिकागोच्या सरकारी शाळा देशात सर्वांत वाईट असल्याचे जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्याने कायदा केला आणि शहरातील शाळांच्या कारभाराचा मोठा वाटा पालक, परिसरातील रहिवासी आणि शिक्षक यांच्या निवडून आलेल्या मंडळांकडे गेला. मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारही या मंडळांना मिळाला. एवढा मोठा प्रयोग सुरू झाला खरा, पण तो कितपत साधतो आहे हे विश्वासाने सांगेल कोण? शिक्षण खाते स्वतःच स्वतःला गुण देणार. विद्यापीठातले संशोधक आपल्या आवडीचा विषय घेऊन येणार, माहिती गोळा करणार, शोधनिबंध छापणार आणि दुसऱ्या शहराकडे वळणार. ही पोकळी भरण्यासाठी 1990 मध्ये शिकागो विद्यापीठातील अँथनी ब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी संस्था उभारली, ती आज 'कन्सॉर्शियम ऑन स्कूल रिसर्च' या नावाने ओळखली जाते. तिने एकच शहर अभ्यासायचे ठरवले आणि तीन दशकांहून अधिक काळ ती त्याच शहरात टिकून आहे. माझ्या मते तिच्या यशाचे मर्म या टिकून राहण्यात आहे. शाळांची आकडेवारी आज कुठेही मुबलक सापडते. ती वेळेवर योग्य हातांत जाईल आणि त्या हातांचा तिच्यावर विश्वास बसेल अशी व्यवस्था मात्र दुर्मीळ आहे, आणि ती उभी राहायला वर्षे लागतात.

गळतीचा प्रश्न घ्या. शाळा सोडणाऱ्या मुलांबद्दल जगभर जे बोलले जाते तेच शिकागोतही बोलले जाई: घरची गरिबी, वस्तीतली गुन्हेगारी, आठवीपर्यंतचा कच्चा पाया. यांतले काहीही नववीच्या शिक्षकाला बदलता येत नाही, त्यामुळे चर्चा हळहळीपाशीच थांबे. मेलिसा रॉडरिक, जॉन ईस्टन, इलेन ॲलेन्सवर्थ आदी संशोधकांनी अनेक वर्षांच्या नोंदी एकमेकींशी जुळवल्या आणि त्यांतून एक साधी खूण हाती आली. तिथे माध्यमिक शाळा नववीला सुरू होते आणि बारावीला संपते. विषय सत्रागणिक उत्तीर्ण व्हावे लागतात आणि त्यांचे श्रेयांक साठत जातात. नववीअखेर ज्याच्याकडे वर्षभराच्या पाच विषयांइतके श्रेयांक आहेत आणि इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे या मुख्य विषयांत ज्याला वर्षभरात मिळून एकाहून जास्त सत्रांत नापासाचा शेरा मिळालेला नाही, तो विद्यार्थी 'मार्गावर' आहे असे धरायचे. 2005च्या अहवालात या खुणेची ताकद दिसली. मार्गावर असलेल्यांपैकी 81 टक्के मुलांनी चार वर्षांत शालेय शिक्षण पूर्ण केले होते, तर मार्गावरून घसरलेल्यांपैकी केवळ 22 टक्के मुलांनी. आठवीतल्या परीक्षेचे गुण किंवा घरची परिस्थिती यांपेक्षाही हे एक वर्ष पुढचे अधिक सांगत होते. 2007च्या अहवालाने हजेरीकडे बोट दाखवले. नववीत सत्राला आठवड्याहून कमी गैरहजर राहिलेल्या मुलांपैकी 87 टक्के वेळेत उत्तीर्ण झाली होती. साधारण आठवडाभर गैरहजर राहिलेल्यांत हे प्रमाण 63 टक्क्यांवर आले होते. एका आठवड्याची अनुपस्थिती! तिच्याकडे कोणती शाळा गांभीर्याने पाहते? या खुणेचा मोठा गुण असा, की ती मुलाच्या नशिबाबद्दल न बोलता शाळेच्या आवाक्यातल्या गोष्टींबद्दल बोलते. हजेरी आणि विषय सुटणे या दोन्हींवर शिक्षकाला या आठवड्यात काहीतरी करता येते.

तरीही केवळ शोध लागल्याने काही बदलले नाही. या कहाणीतला सर्वांत बोलका पुरावा मला इथे दिसतो. 2003च्या सुमारास शिक्षण खात्याने ही खूण शाळांच्या मूल्यमापनात घातली. वर्ष संपल्यावर शाळेच्या नावापुढे एक टक्केवारी लागू लागली, पण प्रमाण फारसे हलले नाही. 2007 मध्ये ते 57 टक्के होते. त्यानंतर खात्याने तोच आकडा वेगळ्या रीतीने वापरला. शाळा सुरू होतानाच नववीत येणाऱ्या कोणत्या मुलांची आठवीतली हजेरी आणि गुण काळजी करण्याजोगे आहेत, याची नावानिशी यादी शाळेच्या हाती येऊ लागली. वर्ष सुरू असतानाच, कोण कोणत्या विषयात मागे पडतो आहे, हेही कळू लागले. त्याच मुलांना शिकवणारे वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक एका टेबलाभोवती बसू लागले. गणिताच्या तासाला रोज येणारी मुलगी पहिल्या तासाला कधीच नसते, हे तेव्हा प्रथमच सर्वांसमोर आले. उपाय काय करायचा हे कन्सॉर्शियमने सांगितले नाही. कुठे घरी फोन गेले, कुठे शाळा सुटल्यावर शिकवणी सुरू झाली, तर कुठे शिक्षकांनी आपली गुणदानाची पद्धतच तपासली. 2013 पर्यंत मार्गावर असलेल्यांचे प्रमाण 82 टक्क्यांवर गेले. खूण तीच होती आणि मुलेही त्याच शहरातली. वर्षाअखेरचा निकाल वर्षामधला निरोप झाला होता.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो: शिक्षकांवर दबाव आला, त्यांनी हात सैल सोडून मुलांना पास केले आणि आकडा फुगला. आक्षेप गंभीर आहे, कारण ज्या आकड्यावर बक्षीस-शिक्षा ठरते तो आकडा वाकवण्याचा मोह सर्वत्र होतो. कन्सॉर्शियमने 2014 मध्ये हा प्रश्न स्वतःच तपासायला घेतला. गुण केवळ नापासाच्या काठावर वाढले असते तर संशयाला जागा होती, पण सुधारणा वरच्या श्रेणींतही दिसत होती. पूर्वी गळून गेली असती अशी मुले आता अकरावीला पोहोचून प्रमाणित परीक्षेला बसत होती, तरी शहराची सरासरी घसरली नाही. एखाद्या शाळेत गुण वाटले गेलेच नसतील, असे कोणी म्हणू नये. पण एवढी वाढ त्याने समजावता येत नाही. शिवाय शिक्षकाने दिलेले गुण मऊ आणि परीक्षेचे गुण टणक, ही समजूतही तपासून पाहावी लागते. ॲलेन्सवर्थ यांच्या 2020च्या अभ्यासात महाविद्यालयीन पदवी पूर्ण होण्याचा अंदाज शालेय वर्गगुणांवरून प्रवेशपरीक्षेच्या गुणांपेक्षा कितीतरी चांगला बांधता आला.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. माहिती खात्याकडून घ्यायची आणि खात्याच्याच कामावर लिहायचे, मग कटू सत्य बाहेर येणार कसे? इथे संस्थेची रचना कामी येते. तिच्या सल्लागार मंडळात खाते, शिक्षक संघटना, नागरी संस्था आणि इतर विद्यापीठांचे लोक एकत्र बसतात. निष्कर्ष संबंधितांना आधी दाखवले जातात, पण ते रोखण्याचा अधिकार कोणाला नाही. कृतीतून याची साक्षही मिळते. शिकागोने 1996 मध्ये तिसरी, सहावी आणि आठवीत किमान गुण नसलेल्या मुलांना त्याच वर्गात ठेवण्याचे धोरण आणले आणि देशभर त्याची वाहवा झाली. 2004 मध्ये कन्सॉर्शियमने दाखवून दिले, की मागे ठेवलेल्या तिसरीच्या मुलांना त्याचा लाभ झाला नाही आणि सहावीची मुले तर आणखी मागे पडली. 2013 मध्ये शहराने सुमारे 50 शाळा एकदम बंद केल्या. त्यातून मुलांना आणि शिक्षकांना काय सोसावे लागले, हेही संस्थेच्या 2018च्या अहवालात स्पष्ट लिहिलेले आहे. मर्जी सांभाळणाऱ्या संस्थेला हे छापता आले नसते.

महाराष्ट्राचा या साऱ्याशी संबंध आहे. शिक्षण हक्क कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाल्यानंतर आपल्याकडे पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन अनुत्तीर्ण मुलांना मागे ठेवण्याची तरतूद आली. मुलाला मागे ठेवल्याने त्याचे पुढे काय होते, हे पाहायला पाच-सात वर्षे त्याच मुलांचा माग काढावा लागेल. 'सरल' आणि 'यू-डायस' या शालेय नोंदींच्या सरकारी प्रणालींमध्ये प्रत्येक मुलाची नोंद आहे. ती भरण्यात शिक्षकांचे कितीतरी तास जातात, आणि तिची वाट प्रामुख्याने खालून वर जाणारी आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने निघणारे 'असर'चे अहवाल समाजाला आरसा दाखवतात, पण तो नमुना-सर्वेक्षणाचा आरसा आहे. अमुक शाळेतली अमुक मुलगी दिवाळीनंतर का येत नाही, हे सांगणे त्यांचे काम नव्हे. एखादे विद्यापीठ आणि एखादी जिल्हा परिषद यांनी दहा-पंधरा वर्षांचा लेखी करार करावा. संशोधकांना मिळणाऱ्या नोंदींतून नावे काढलेली असावीत आणि नावानिशी यादी फक्त त्या शाळेच्या मुख्याध्यापकाकडे आणि वर्गशिक्षकाकडे जावी. निष्कर्ष गैरसोयीचे निघाले तरी ते छापले जातील, हे कलम करारात पहिल्याच पानावर असावे. पहिली तीन-चार वर्षे तर नोंदी एकमेकींशी जुळवण्यातच जातील. तेवढा काळ निधी देणारा आणि अहवाल न मागणारा कोणी मिळेल का, हा खरा अडसर आहे.