प्रमाणपत्रानंतरची वाट

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांच्या तेथील भाषणातले ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे दोन शत्रू आपल्याला पाठ आहेत. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या हुद्द्यांचा हिशेबही मांडला होता. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो. कारखान्यात तो कुली असतो, मेकॅनिक क्वचितच.

त्याच मनमाडशी लोहमार्गाने जोडलेल्या छत्रपती संभाजीनगरात आज दलित तरुण फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनचे आयटीआय प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. कौशल्य आले, मग हुद्दा का येत नाही? 'पोरगा कमी पडला' हे त्याचे उत्तर नव्हे.

पहिली गाळणी शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव झाल्या. परंतु रेल्वेत ही निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते. म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे ज्याची शाळा बुडाली, त्याचा निम्मा निकाल हातात पान्हा येण्याआधीच लागलेला असतो.

दुसरी गाळणी नेमणुकीची. शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. रेल्वेने अशा उमेदवारांसाठी लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा ठेवल्या. ही मर्यादा काढा, म्हणून २० मार्च २०१८ रोजी तरुणांनी माटुंगा-दादरदरम्यान लोकल रोखल्या. पण लेव्हल-१ म्हणजे हेल्पर आणि रूळ सांभाळणारा कामगार, जुना गँगमनच! फिटरच्या प्रमाणपत्राला साजेशी टेक्निशियनची वा सहायक लोको पायलटची जागा वेगळ्या स्पर्धा परीक्षेतून मिळते.

तिसरी गाळणी सर्वांत निर्दय आहे: थांबण्याची ऐपत. मार्च २०१९ मध्ये लेव्हल-१ च्या १,०३,७६९ जागांसाठी अर्ज मागवले गेले, एक कोटीहून अधिक अर्ज आले आणि परीक्षा सुरू झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. ज्याच्या घरी शेती वा पगार आहे, तो साडेतीन वर्षे पुस्तक धरून बसतो. भूमिहीनाचा मुलगा वाळूजला कंत्राटदाराकडे रात्रपाळी धरतो आणि अभ्यास सुटतो. आरक्षण जागा राखते. त्या जागेपर्यंत पोहोचायला लागणारी वर्षे राखीत नाही. खाजगी कारखान्यात आणि रेल्वेने ठेकेदाराकडे सोपवलेल्या कामात तर तेही नाही.

म्हणून रिक्त जागा वेळेवर भरा आणि परीक्षेची तारीख पाळा, ही मागणी आपल्या चळवळीची असली पाहिजे. विलंबाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. शिक्षकांनी दहावीच्या गुणांचे हे मोल मुलांना नववीतच सांगावे. कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या विहारात संध्याकाळी गणित-विज्ञानाचा वर्ग चालवावा, कारण टेक्निशियनची परीक्षा त्याच विषयांवर आहे आणि ती मराठीतूनही देता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मनमाडला मांडलेला हिशेब अजून चुकता व्हायचा आहे.