इतिहास विभागाला मार्क द्यायचे कशावर?

ए प्लस प्लस, बी प्लस ही श्रेणींची उतरंड मोडून महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक आता महाविद्यालय 'मान्य' की 'अमान्य' एवढंच ठरवणार, ही घोषणा झाल्यापासून तालुक्याच्या गावातल्या किती प्राचार्यांनी सुस्कारा सोडला असेल कोण जाणे. राधाकृष्णन समितीची ती शिफारस चांगलीच होती. फेब्रुवारी 2025मध्ये नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच लाचखोरीच्या आरोपाखाली सीबीआयने पकडलं, तेव्हा तिची निकड आणखी पटली. पण श्रेणी गेली तरी नॅकला दाखवायची फाइल राहणारच. आणि माझी तक्रार फाइलबद्दल आहे.

छोट्या कॉलेजातल्या इतिहास विभागाची फाइल उघडून बघा. शिवजयंतीचं व्याख्यान, किल्ल्यावरची सहल, भित्तिपत्रकाचं उद्घाटन. फोटो जिओटॅग केलेले, म्हणजे खाली अक्षांश-रेखांशही हजर. कोर्स आउटकमचं मॅपिंग शेजारच्या कॉलेजातून आलेलं. तीन वर्षं इतिहास शिकलेल्या मुलीला आता काय करता येतं, हे मात्र त्या फाइलीत कुठेच सापडत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेतूनही ते कळत नाही. तिथे गाइडातली दहा उत्तरं पाठ असली की भागतं.

मग मोजायचं कसं? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग यांनी 1991मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो. त्यांनी आठ इतिहासकार आणि आठ हुशार शाळकरी मुलं घेतली आणि सगळ्यांसमोर 1775च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीचे तेच ते कागद ठेवले. वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, एवढीच अट. आधी घेतलेल्या सनावळीच्या प्रश्नांत काही मुलं इतिहासकारांच्या बरोबरीने होती; ज्यांचा अमेरिकेच्या इतिहासाशी संबंध नव्हता अशा इतिहासकारांना तर त्यांनी मागेही टाकलं. पण कागद हातात आल्यावर चित्र पालटलं. मुलं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत गेली. इतिहासकारांची नजर आधी लिहिणाऱ्याच्या नावाकडे आणि तारखेकडे गेली. हा कोण, कोणाला लिहितोय, कधी लिहितोय, असं लिहिण्यात त्याचा काय फायदा? एक कागद दुसऱ्याशी जुळत नाही म्हटल्यावर ते थांबले. मुलं पुढे निघून गेली.

बीएच्या वर्गात हीच परीक्षा घ्यावी. अनोळखी कागद, अर्धा तास, पाठांतराला वाव नाही. पहिल्या वर्षी आणि तिसऱ्या वर्षी घेतली की विभागाने काय कमावलं ते समजेल, आणि खर्च झेरॉक्सचा.

कागद आणायचे कुठून, असं कोणी विचारलं तर मात्र मला हसू येतं. 2023मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतले जुने गठ्ठे सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जिल्ह्या-जिल्ह्यांत बीए इतिहासाचे वर्ग भरत होते. पण हाक मारावी असं त्या वर्गांत कोणी होतं का? मराठवाड्यात तर निजामाच्या अमलातले कागद उर्दू-फारसीत. तिथल्या कॉलेजांनी मोडीऐवजी त्या लिपीपासून सुरुवात करावी.

जन्म-मृत्यूची नोंदवही घ्या, विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात. 1918च्या पावसाळ्यानंतरची पानं काढली की मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ गावात शिरली कधी, गेलं कोण आणि थांबली कधी, हे मुलांना स्वतः मोजता येईल. मरणाचं कारण लिहिणाऱ्याला वैद्यकी येत होती का, सरसकट 'ताप' असं तर लिहिलं नाही ना, हे प्रश्न त्यातूनच निघतील. अशा कामाला मोठ्या संस्थेचा आधार लागतोच असं नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणतं विद्यापीठ नव्हतं. घराघरांतली दप्तरं धुंडाळायची त्यांची चिकाटी होती.

नव्या श्रेयांक पद्धतीत फील्ड प्रोजेक्टला दोन श्रेयांक आहेत; प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने 60 तास. विषय ठरवायला कॉलेजला बरीच मोकळीक असते. हे तास किल्ल्यावर सेल्फी काढण्यात घालवायचे की गावच्या दप्तरात, हे विभागप्रमुखाच्या हातात आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतं. विभागातल्या एकाने तरी तिथे जावं.

अडचण आहे ती माणसांची. अनेक ठिकाणी विभाग म्हणजे एक कायम प्राध्यापक आणि एक सीएचबीवाला. तासाप्रमाणे पैसे मिळणारा, तेही महिनोन्महिने थकणारा शिक्षक मुलांना घेऊन रेकॉर्ड रूममध्ये दिवस काढेल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? प्रोजेक्टचे तास त्याच्या मानधनात धरले पाहिजेत. 'मान्य' ठरवताना नॅकने एवढं जरी तपासलं, तरी जिओटॅगची अट सोडून द्यायला माझी हरकत नाही.

आणि मुलांनी केलेले अहवाल रद्दीत जाऊ नयेत. एक प्रत ग्रंथालयात, एक ग्रामपंचायतीत. यंदाच्या तुकडीने 1918 केलं असेल, तर पुढच्या तुकडीने त्याआधीच्या प्लेगपासून सुरू करावं.