अकरा किलो

तेरखेड्याला बाहेरची माणसं येतात ती दसरा-दिवाळीच्या तोंडावर, फटाके घ्यायला. सोलापूर-धुळे महामार्गावरचं, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. मी गेले ती मे महिन्यात, आणि फटाक्यांशी माझं काही काम नव्हतं.

आदल्या उन्हाळ्यात पुण्याच्या स्वारगेटला वळवाच्या सरीत एक मावशी एसटीतून उतरल्या होत्या. आजूबाजूला जो तो आपली भिजलेली बॅग झटकत होता, कुणी स्ट्रॉलीचं चाक वर करून पाणी ओतत होतं. मावशींनी बाकावर पिशवी ठेवली, सुतळीची गाठ सोडली, आत हात घातला आणि एक कुरडई काढून मोडून बघितली. कट्‌कन वाजली. पुन्हा गाठ मारली. मी न राहवून कुठल्या म्हणून विचारलं. ‘‘तेरखेड्याच्या. कारखान्यात कामाला असते.’’ याहून जास्त काही सांगायची त्यांना गरज वाटली नाही. ती कुरडई मात्र माझ्या डोक्यात राहिली. यंदा पुण्याला लेकीकडे निघायच्या आदल्या दिवशी त्यांची बॅग भरताना बघायला मिळेल का, असं विचारलं, तर आधी हसल्या, मग ‘‘या की’’ म्हणाल्या.

उन्हाळ्यात शहरात जाताना काय न्यावं, याचे सल्ले हल्ली ढिगानं मिळतात. सुती कपडे, घडीची छत्री, एखादं पातळ जाकीट, सामान जितकं कमी तितकं चांगलं. या सल्ल्यांतला प्रवासी फक्त स्वतःसाठी बॅग भरतो. तेरखेड्याच्या त्या घरात जमिनीवर जे मांडलं होतं, त्यात मावशींच्या स्वतःच्या वस्तू शोधाव्या लागत होत्या.

कुरडया, खारोड्या, शेवया, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, हुलगे, ज्वारी, लिंबाचं लोणचं. वाटेसाठी दशम्या. एका कोपऱ्यात दोन साड्या आणि गोळ्यांची पाकिटं. हे सगळं आधी एकदा भरून बॅग शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवून आणली होती, तर अकरा किलो भरली. ‘‘अकराच्या वर गेली की स्वारगेटचा जिना चढवत न्हाई,’’ मावशी म्हणाल्या. त्यामुळे दिवसभर जे काही आत जायचं, त्यासाठी दुसरं काहीतरी बाहेर यायचं. अकरा म्हणजे अकरा.

ज्वारीचं पीठ का नेत नाही, दळायचा त्रास वाचेल, असं मी म्हटलं. ‘‘पीठ ओल धरतं. दाणा धरत न्हाई. पुन्यात गिरणी हाय की.’’ पुण्यात ज्वारीसुद्धा मिळते, असं मी पुढे म्हणून बसले. ‘‘मिळती की. पैशानं.’’

खरी गंमत पुढे होती. सकाळी नऊपासून कुरडया गच्चीवर पुन्हा उन्हात टाकल्या होत्या. बाराला खाली आणल्या, पण भरल्या नाहीत. सुपात पसरून तशाच ठेवल्या. मला वाटलं, आता जेवणं होतील. ते नव्हतं. ‘‘गरम माल भरायचा न्हाई. आत घाम सुटतो.’’ उन्हातून आणलेली वस्तू तशीच बांधली, तर संध्याकाळी हवा गार झाल्यावर आतल्या वाफेचं पाणी होतं आणि पावसाचा थेंब न लागताही माल मऊ पडतो. ‘‘कारखान्यात बी तसंच. ओल लागली की फुसका.’’ सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या दारूला ओलीचं वावडं असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. इथे ते कुरडईच्या सुपाशेजारी बसून ऐकलं.

तासाभरानं मावशींनी हाताच्या पालथ्या बाजूनं कुरडई चाचपली आणि मग काम भराभर झालं. आधी वर्तमानपत्र, मग तांदळाच्या पोत्यातल्या आतल्या प्लास्टिकच्या दोन पिशव्या, मग त्यांची तोंडं पिळून, दुमडून, वर सुतळी. इथे मी थांबून बघत राहिले. डाव्या अंगठ्याखाली टोक दाबलेलं, उजव्या हातानं तीन वेढे, शेवटचा वेढा आतून ओढून घ्यायचा. वेढा कुठेही एकमेकांवर चढत नव्हता. त्या सगळा वेळ माझ्याशी बोलत होत्या, हाताकडे बघतही नव्हत्या. ज्या हातांनी वर्षानुवर्षं सुतळी बॉम्ब गुंडाळले, त्यांना कुरडयांची पिशवी काय अवघड? त्यांच्या नखांच्या कडांना बारीक रुपेरी चमक होती. ॲल्युमिनियमची पावडर. कितीही घासली तरी जात नाही म्हणे.

वास जातो का, ते विचारलं नाही, कारण उत्तर वलणीवर दिसत होतं. कामावर नेसायच्या साड्या मागच्या अंगणात वेगळ्या, बाकीच्या घरात. पुण्याच्या दोन साड्या पेटीतल्या कडुलिंबाच्या पाल्यातून काढलेल्या. तरी जवळ गेल्यावर गंधकाची किंचित झाक येत होतीच, की ती माझ्याच नाकात बसली होती, कोण जाणे. लेकीच्या घरी काही साडी नेसून कामाला जायचं नसतं, पण ‘‘नातू जवळ येऊन झोपतो,’’ एवढंच मावशी म्हणाल्या.

हा नातू दरवर्षी फोनवर फटाके मागतो. तेरखेड्याची आजी, आणि बॅगेत एक फुलबाजी नाही! पण या बाबतीत मावशींइतकं कडक कुणी नसेल. रेल्वेत फटाके नेणं हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि एसटीतही ते चालत नाहीत. कायदा दूरचा झाला. इथल्या कारखान्यांत स्फोट झालेत, माणसं गेलीत. त्याबद्दल बोलताना मावशींचा आवाज बदलला नाही, फक्त गाठ आणखी घट्ट झाली. जीव मुठीत धरून केलेल्या कामातून जी सफाई येते, तिचं कौतुक करताना मला जरा संकोचच वाटला.

चारच्या सुमाराला वारा सुटला, धूळ उडाली, गच्चीवरून कुणाकुणाची वाळवणं गोळा करायची धावपळ ऐकू आली. त्यातच लेकीचा फोन. पुण्यात रोज असंच, दुपारी काहिली, संध्याकाळी गारा, रात्री अंगावर पांघरूण, स्वेटर आण. मावशींनी स्वेटर काढला, बॅगेवर ठेवला, हातानं वजन घेतलं. स्वेटर आत घालायचा तर चटणीचा डबा बाहेर. थोडा वेळ दोन्हीकडे बघितलं. स्वेटर पुन्हा खुंटीवर गेला. ‘‘तिच्याकडं शाल असंल.’’ अकरा किलोत मावशींच्या अंगावर घालायचं दोन किलोही नव्हतं. हे मला पटलं नाही आणि मी तसं बोललेही. उत्तर मिळालं नाही.

छत्री नव्हतीच. पूर्वी हिशेब सोपा होता, रोहिणी लागल्यावर जायचं आणि मृगाच्या आत, म्हणजे सात जूनच्या आत, परत यायचं. मधे वळवाची एखादी सर. २०२५ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २६ मेलाच येऊन थडकला. त्याची तिथली नेहमीची तारीख ११ जून. त्या वर्षी मावशी पुण्यात अडकल्या होत्या, आणि मागे कारखान्याचं वाळवणही बंद पडलं होतं, म्हणजे रोज बुडाला नाही, रोजच नव्हता. ‘‘आता पंचांगावर बॅग भरता येत न्हाई,’’ त्या म्हणाल्या. प्लास्टिकच्या आतल्या पिशव्या तेव्हापासून एकाच्या दोन झाल्या.

जाणं परवडतं, कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आधी दोन वर्षांतून एकदा व्हायचं, आता दर उन्हाळ्याला. सकाळच्या गाडीनं बार्शी, कुर्डूवाडी, टेंभुर्णी करत जायचं. बॅग डिक्कीत द्यायची नाही, पायाशी ठेवायची, हेही ठरलेलं.

संध्याकाळी पाऊस येऊन गेल्यावर मावशींनी लेकीला परत फोन लावला. स्वेटरचा विषय निघाला नाही. लोणच्याची बरणी उभीच ठेव, कुरडया आल्या आल्या डब्यात भर, आणि डबे आठवणीनं परत दे. ‘‘मागच्या बारीला सहा आणले हुते, पाचच आले. त्यो निळ्या झाकणाचा कुठं हाय, बघ आधी.’’