दक्षिण आफ्रिकेची पुस्तके आणि आपला मुलूख

दक्षिण आफ्रिका म्हटले की आपल्याला गांधीजी, नेल्सन मंडेला आणि क्रिकेट आठवते. पण नादिन गॉर्डिमर यांना १९९१ साली आणि जे. एम. कुट्सी यांना २००३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच देशाचे. वर्णद्वेषी राजवट १९९४ साली संपली. मग तेथील लेखक आता लिहितात तरी कशावर, असे कोणी विचारील. इतिहासाच्या कडेला राहून गेलेल्या माणसांचा हिशेब मांडणे, हे त्यांच्यापैकी अनेकांनी आपले काम मानले आहे.

डेमन गॅलगट यांची 'द प्रॉमिस' ही कादंबरी घ्या. तिला २०२१ चे बुकर पारितोषिक मिळाले. प्रिटोरियाजवळच्या शेतावर राहणारी एक गोरी बाई १९८६ साली मरणापूर्वी नवऱ्याकडून वचन घेते की, आपली सेवा करणाऱ्या सलोमी या काळ्या बाईला तिचे राहते घर द्यावे. धाकटी मुलगी हे ऐकते. घरात एकामागून एक चार मृत्यू होतात, कायदे बदलतात, सरकार बदलते. वचन मात्र तीस वर्षे लोंबकळत राहते. राहत्या जागेचा कागद आपल्या नावावर नसणे म्हणजे काय, हे बैहरकडच्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

याच लेखकाची 'आर्क्टिक समर' (२०१४) ही कादंबरी तर मध्य प्रदेशातच येऊन पोहोचते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. मराठी दरबारातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी तेथे पाहिला आणि तो पुढे 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) मध्ये उतरला. ती कादंबरी कशी घडली, हाच गॅलगट यांचा विषय आहे.

ललितेतर वाङ्मयातले एक पुस्तक आपल्याला याहूनही जवळचे आहे. 'गांधीज् प्रिझनर?' (२००४) हे गांधीजींचे पुत्र मणिलाल यांचे चरित्र त्यांची नात, इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी लिहिले. मणिलाल यांचा विवाह १९२७ साली अकोल्याच्या सुशीला मशरूवाला यांच्याशी झाला. अकोला आणि बालाघाट १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. सुशीलाबेन नाताळ प्रांतातल्या फिनिक्स आश्रमात गेल्या आणि १९५६ साली मणिलाल वारल्यावर 'इंडियन ओपिनियन' हे पत्र त्यांनी १९६१ पर्यंत चालविले. वडिलांच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या मुलाला काय सोसावे लागले, हे लेखिकेने आजोबांची पूजा न मांडता सांगितले आहे. शीर्षकातले प्रश्नचिन्ह त्यासाठीच आहे.

या तिन्ही पुस्तकांत थोरांची नावे येतात, पण लेखकांची नजर शेजारी उभ्या असलेल्या माणसावर असते. आपल्याकडे चरित्र म्हणजे बहुधा गौरवग्रंथ, आणि कादंबरीतली मोलकरीण चहा देऊन आत निघून जाते. म्हणून विद्यार्थी मित्रांनी ही पुस्तके अवश्य मिळवून वाचावीत. सुरुवात 'द प्रॉमिस'पासून करावी. सलोमीला घर मिळते की नाही, ते येथे सांगत नाही. परंतु पुस्तक मिटल्यावर, आपल्या घरी वर्षानुवर्षे राबणाऱ्या बाईला घरच्यांनी काय कबूल केले होते, हे एकदा आईला विचारून पाहावे.