फाइलीचें वय आणि आजची तारीख

जुना झालेला कागद ठेवावा किंवा फेंकावा, हें ठरवितांना कारकून कागदावरची तारीख वाचतो, भिंतीवरचें कॅलेंडर पाहतो आणि बोटांवर दिवस मोजतो. संगणकाकडून हेंच काम शेल स्क्रिप्टच्या द्वारें, म्हणजे क्रमानें लिहून ठेवलेल्या कमांडांच्या यादीनें, करवून घेतलें जातें. रोज रात्रीं घेतलेल्या बॅकपांपैकीं जुने पुसून टाकणें हें त्यांतलें नेहमींचें काम. येथें दिवसांचा हिशेब चुकला, तर एखाद्या दवाखान्यांतील रुग्णांच्या नोंदी किंवा पतपेढीची खतावणी कायमची नाहींशी होऊं शकते. म्हणून ह्या तुलनेचें स्वरूप नीट पाहणें अवश्य आहे.

तारीख ही मुळांत माणसाची सोय होय. युनिक्स व लिनक्स ह्या पद्धतींच्या यंत्रांत ती सहसा तारीख म्हणून साठविलेलीच नसते. ग्रिनिचच्या काळाप्रमाणें १ जानेवारी १९७० चा आरंभ ज्या क्षणीं झाला, तेथून किती सेकंद लोटले एवढी संख्या यंत्र बाळगतें. प्रत्येक फाइलीपाशीं अशा निदान तीन संख्या असतात: मजकूर शेवटीं कधीं बदलला, तो कधीं वाचला गेला, आणि फाइलीची मालकी, परवानगी इत्यादि नोंद कधीं बदलली. या तिसरीला ‘सीटाइम’ म्हणतात, आणि ती फाइलीच्या जन्माची वेळ असें पुष्कळ जण समजतात. तो समज चुकीचा आहे. तुलनेला बहुधा पहिली, ‘एमटाइम’, उपयोगी पडते. आतांची संख्या ‘डेट’ ही कमांड देते, फाइलीची ‘स्टॅट’ देते. (लिनक्सवर ‘स्टॅट’ला एक पर्याय लागतो, मॅकवर निराळाच, एका यंत्रावरची स्क्रिप्ट दुसऱ्यावर अडते ती बहुधा येथेंच.) वजाबाकी करून ८६,४०० नीं भागिलें कीं वय दिवसांत निघतें.

भागाकाराची बाकी मात्र शेल टाकून देतो, आणि ‘फाइंड’ ही कमांडही तसेंच करते. ‘एमटाइम +७’ असें लिहिणाऱ्याच्या मनांत ‘सात दिवसांहून जुनी’ असा अर्थ असतो. परंतु ७ दिवस २३ तासांच्या फाइलीचें वय येथें ७ च धरलें जातें, व ७ हे ७ हून अधिक नाहींत. म्हणून पुरे ८ दिवस होईपर्यंत ती शिल्लक राहते. पुसण्याच्या कामीं ही चूक उदार म्हणावी. तपासणीच्या कामीं ती फसवी ठरते. ‘एमटाइम ०’ म्हणजे आजची फाइल नव्हे, तर गेल्या २४ तासांतील फाइल. सकाळीं ९ वाजतां पाहिलें, तर काल दुपारीं लिहिलेली फाइलही तींत बसते, आणि रात्रींचा बॅकप झालाच नाहीं हें लपून राहतें.

कित्येक जण सेकंदांच्या वाटेला न जातां तारखांचीं अक्षरेंच ताडून पाहतात. ‘०५-१२-२०२४’ व ‘२०-०१-२०२४’ यांची अशी तुलना केली, तर डिसेंबर जानेवारीच्या आधीं येतो. ‘२०२४१२०५’ व ‘२०२४०१२०’ असें लिहिलें कीं लहानमोठेपणा बरोबर लागतो. पण ह्या संख्यांची वजाबाकी करूं नये: २९ फेब्रुवारी व १ मार्च २०२४ यांतील अंतर तिच्यानें ७२ येतें! शिवाय, भाड्यानें घेतलेले सर्व्हर पुष्कळदां ग्रिनिचच्या काळावर लावलेले असतात, आणि भारतीय प्रमाणवेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहे. पुण्यांत १ मार्च २०२५ च्या पहांटे ४ वाजतां निघालेल्या फाइलीच्या नांवांत अशा सर्व्हरवर २८ फेब्रुवारी पडते. सेकंदांच्या संख्येला हा दोष लागत नाहीं.

खरा धोका पुसण्यांत आहे. ‘फाइंड’ आपल्या अटी डावीकडून उजवीकडे वाचते. ‘डिलीट’ हा शब्द वयाच्या अटीपूर्वीं पडला, तर अट पाहण्याआधींच फाइली पुसल्या जातात. म्हणून जाणते लोक प्रथम त्या जागीं ‘प्रिंट’ लिहून कोणतीं नांवें येतात तें वाचतात. याहून सूक्ष्म प्रकार असा कीं, पुसणारी स्क्रिप्ट निर्दोष आहे, पण बॅकप घेणारी दुसरी स्क्रिप्ट कोणीं पासवर्ड बदलल्यामुळें बंद पडली आहे. नवी फाइल येत नाहीं. जुन्या मात्र रोज एकेक करून वयाची मर्यादा ओलांडतात, आणि ती मर्यादा ३० दिवसांची असेल, तर सुमारें महिन्यानें फोल्डर रिकामा होतो. हें टाळावयाचें तर गेल्या २४ तासांतील, शून्याहून मोठ्या आकाराची फाइल हजर आहे कीं नाहीं, हें स्क्रिप्टनें आधीं पाहावें. नसल्यास एकही फाइल न पुसतां थांबावें व यंत्र सांभाळणाऱ्यास निरोप धाडावा.