वृत्तमाध्यमे बदलली, दबावाच्या जागाही बदलल्या

रायपूरच्या सदर बाजारात, म्हणजे तेथील सराफा बाजारात, आज सोन्याचा भाव मोबाइलवर क्षणात कळतो. बातमीही तशीच येते. पण ती आपल्यापर्यंत येण्यासाठी चार गोष्टी लागतात: पैसा, छापण्याची मोकळीक, वितरण आणि माहिती मिळवणारा माणूस. यांपैकी एक जरी अडली, तरी बातमी थांबते.

१. पैसा: जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे या मराठीभाषक संपादकांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रायपूरचे वामन बळीराम लाखे त्याचे प्रकाशक होते. सरकारने बंदी घातली नव्हती, तरी तोट्यामुळे १९०२ च्या अखेरीस ते बंद पडले.

२. छापण्याची मोकळीक: सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली; माफीपत्र दिल्यावर सुटका झाली. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

३. वितरण: १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश यांनी वृत्तपत्राची किंमत पानांच्या संख्येशी बांधली. पाने तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा, नाहीतर पाने कमी करा! पुण्याच्या ‘सकाळ’ने याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध रद्द केले. जास्तीत जास्त वाचकांपर्यंत पोहोचणे हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले.

४. माहिती मिळवणारा माणूस: आज छापखाना लागत नाही. बस्तरमधील पत्रकार मुकेश चंद्राकर ‘बस्तर जंक्शन’ हे यूट्यूब चॅनेल चालवत. रस्त्याच्या कामातील गैरप्रकार त्यांनी उघड केले होते. ३ जानेवारी २०२५ रोजी विजापूर (बिजापूर) येथे एका सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. साधन स्वस्त झाले, पण बातमीदार एकटा पडला.

निष्कर्ष: राज्यघटनेत वृत्तपत्रांसाठी वेगळे कलम नाही. कलम १९(१)(अ) मधील हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे आणि कलम १९(२) मधील वाजवी निर्बंधही सर्वांना लागू आहेत. म्हणून वृत्तस्वातंत्र्य हा केवळ पत्रकारांचा प्रश्न नाही. बातमी थांबली, तर खराब रस्त्यावरून जाणार आपणच.

स्वाध्याय: आपल्या गावातील एखादी महत्त्वाची, पण न छापलेली गोष्ट निवडा. वरील चारपैकी ती कोठे अडली, ते कारणांसह लिहा.